निरोपाची बिस्किटं

३ ऑक्टोबर
नागासे गेला. यंदा कारखाना सोडणारा हा चौथा सुपरवायझर. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाच्या हातात एकेक केक ठेवून, वाकून, "सांभाळून घेतलंत, आभारी आहे" म्हणत फिरला. नोकरी सोडणाऱ्याने गोड वाटून जायचं, ही आमची रीत. मोल्डिंग खात्यातल्या बायका चक्क रडल्या. माझ्यासमोर कधी हसतही नाहीत.
केक कोरडा होता.
ठरलं. आता मीही सोडणार. मी गेल्यावर गाड्यांच्या दारांची हँडलं कोण बनवून घेतो ते बघतोच. उसामी मॅनेजर गुडघे टेकेल.

६ ऑक्टोबर, सकाळी ६.१०
राजीनामा लिहिला. सुरेख अक्षर. आतल्या खिशात ठेवला. आज देणारच.

संध्याकाळ
दिला नाही. कारखान्यातल्या सकाळच्या कवायतीत कंबर धरली. वाकड्या माणसाच्या राजीनाम्याला वजन येत नाही.

१२ ऑक्टोबर
स्टेशनजवळून बिस्किटांचा डबा आणला. लोणी भरपूर. नागासेचं नाक कापलं जाईल. डब्यावर ३० नोव्हेंबरपर्यंतची तारीख आहे. घाई मूर्ख करतात.

२७ ऑक्टोबर
नागासेच्या जागी कोणीच नाही. दोन्ही लाइन माझ्या गळ्यात. वरून उसामीच्या शिव्या, खालून बायकांची तोंडं. तोकुनागाबाई वीस वर्षं लाइनवर आहेत, जिभेला हाड नाही. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही रजेवर असलात की मशीनसुद्धा कमी कुरकुरतं."
जळतात माझ्यावर.

११ नोव्हेंबर
राजीनामा घामाने चुरगळला. पुन्हा लिहिला. आज उसामी म्हणाला, "कुवाबारा, सगळा भार तुझ्यावर आहे बाबा." घाबरलाय. आणखी थोडा घाबरू दे, मग देतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
डब्याची तारीख रविवारी संपते. बिस्किटं कचऱ्यात घालू? विचार केला, आज नुसतीच वाटू, चहाबरोबर. राजीनाम्याचं नंतर बघू.
पहिलं बिस्किट तोकुनागाबाईंच्या हातात ठेवलं आणि सवयीने वाकलो. तिथेच घोटाळा झाला. बाई ओरडल्या, "अगं बायांनो, साहेब चालले!" टाळ्या. अख्खी लाइन उभी. का सोडताय, असं एकानेही विचारलं नाही. मी म्हणत होतो, अहो तसं नाही. तर म्हणतात, "रडू नका हो साहेब."
बाईंनी लॉकरमधून निरोपाचं कार्ड काढलं. सगळ्यांच्या सह्या. नागासेचीसुद्धा. तो तर ऑक्टोबरातच गेला.
टाळ्या ऐकून उसामी आला. हात पुढे केला. राजीनामा खिशात होताच, काढून दिला. त्याने वाचलाही नाही. "उरलेली रजा सोमवारपासूनच घे," म्हणाला.
नाटक आहे सगळं. सोमवारी भानावर येतील.

१ डिसेंबर, सकाळी ७.५०
कवायतीची वेळ. फोनचा आवाज मोठा करून ठेवलाय. बोलावलं तरी लगेच हो म्हणायचं नाही. दोनदा विनवू द्यायचं.

९.१५
फोन आला! तोकुनागाबाई. तीनदा वाजू दिला, मग उचलला.
लॉकरची किल्ली माझ्याकडे राहिली म्हणे. "पोस्टाने पाठवा साहेब, उगाच यायची तसदी नको."
मशीनचं काय, असं विचारलं.
म्हणाल्या, "अजिबात कुरकुरत नाही."