सातशेची चाकं

नांदेड,
गुरुवार

प्रिय आलोक,

फोन न करता लिहितेय. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मी मुद्दा सोडून आवाज चढवते. घरच्या ग्रुपवरचा तुझा निरोप मी पुन्हा ऐकला. अण्णांच्या रेसिंग सायकलचं वाटोळं झालं, ओरिजिनल चाकं काढून आजकालची घातली, ब्रेकसुद्धा कानशीनं घासले. "हे कुठल्या गाढवाचं काम आहे, ताई?" आणि वर हुकूम, की रविवारी लातूरहून गाडी घेऊन येतो, जुनी चाकं बसवून ठेव, नव्या हॉलच्या भिंतीवर टांगायची आहे.

मी ती बसवणार नव्हते. दोन दिवस डायरीत तुझी बाजू लिहून पाहिली. अण्णा माझ्याकडे राहतात म्हणून त्यांच्या वस्तूंवर माझाच हक्क असं मला वाटायला लागलंय का, हेही स्वतःला विचारलं. थोडं वाटत असेल. तुला आधी कळवायला हवं होतं, हेही खरं. पण एवढं सगळं कबूल करूनही राग जात नाही. वस्तू भिंतीवर टांगतात ती माणूस गेल्यावर. अण्णा आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेत, आणि तू घरी बायकोला, विशाखाला सांगतोस की हॉलमध्ये अण्णांची आठवण लावायची आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते त्याच सायकलवर रोज सकाळी गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन येत होते. आठवण कसली?

चाकं का बदलली, एवढं तरी विचारायचंस. सत्तावीस इंची टायर भेगाळले होते. नांदेडात मिळाले नाहीत, हैदराबादला फोन केले, तिथंही नाहीत. दिवाळीत तुला सांगितलं तर "बघतो" म्हणालास. शेवटी आपल्या सायकलवाल्या चंद्रप्पाकडे नेली. तो म्हणाला, "सत्तावीसचा आता कुठं मिळून राहिलाय गुरुजी? अठ्ठावीसचा चढवतो. फरक बोटभरबी न्हाई." चढला खरा, हातानंच चढला. हवा भरायला लागल्यावर रिमवरून उतरला आणि ट्यूब अशी फुटली की शेजारचा चहावाला गाळणी हातात घेऊन रस्त्यावर आला. चंद्रप्पा म्हणाला, "टायर लई नाजूक निघाला." घरी येईपर्यंत अण्णा हसत होते. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग सातशेची, म्हणजे आजकालच्या सायकलींना असतात ती सातशे मिलिमीटर मापाची चाकं बसवायचं ठरलं. त्यांचे टायर कुठंही मिळतात. पण ती रिम जुन्या रिमपेक्षा किंचित लहान, त्यामुळे ब्रेकचे गुटके रिमवर न बसता टायरला घासतात. ते खाली घ्यायचे तर ब्रेकच्या दांडीतली खाच वाढवायला हवी. कानस चालली ती एवढ्यासाठी. जुनी चाकं फेकली नाहीत, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवली होती. पहिल्याच दिवशी अण्णा थेट मुदखेडपर्यंत गेले. परत आल्यावर पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "श्रद्धा, ही तर पळून राहिली." माझ्या उर्वीनं तेव्हाच तो फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्या फोटोत तुला फक्त ब्रेक दिसले. सायकलवर कोण बसलंय आणि त्याचा चेहरा कसा आहे, हे दिसलं नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. ती खाच मी वाढवली नाही, चंद्रप्पानंही नाही. अण्णांनी वाढवली. जुन्या कॅलेंडरच्या मागे आधी चित्र काढलं, मापं घातली, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून हळूहळू कानस चालवली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला हात अजून थरथरत नाही. मला म्हणाले होते, "आलोकला सांगू नको. येईल तवा दाखवू. त्यालाबी बघू दे मास्तरचं काम." त्या ग्रुपवर तेही आहेत, हे तू विसरलास. फोन कानाला लावून त्यांनी तुझा निरोप पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. ओरिजिनल गेली." मंगळवारी सकाळी मी उठायच्या आत त्यांनी माळ्यावरून पोतं काढून जुनी चाकं बसवली. तेच भेगाळलेले टायर. तेव्हापासून पुलाकडे गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात. सायकल दारात पुसून ठेवलीय, तुझ्यासाठी. माझ्यावरचा राग खुशाल ठेव, पण रविवारच्या आधी त्यांना फोन कर. माफी मागू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होतं. ती खाच कशी वाढवली, तेवढंच विचार, आणि ते सांगतील ते शेवटपर्यंत ऐक.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई