विहिरीच्या पाण्याचे डोहाळे

१२ एप्रिल १९७३
सातवा लागला, माहेराहून, पाचपावलीहून अजून बोलावणं नाही! पहिलं बाळंतपण माहेरी, हे का मी सांगायचं? आमचे हे दिवसभर पॉवर हाउसात, मी खापरखेड्याच्या या क्वार्टरात. नळाला औषधाचा वास, घोट उतरत नाही. बायकांना डोहाळे चिंचेचे, कैरीचे — मला आमच्या विहिरीच्या पाण्याचे. बाबांना तसा निरोप धाडला.

१५ एप्रिल
तेच पाणी पाहिजे. दुसरं काही नको.

२१ एप्रिल
बाबा आले! बसमध्ये पाण्याचा पितळी गुंड मांडीवर धरून, त्याच्या तोंडाला फडकं बांधून. "पी वं चंद्रकले, आपल्या विहिरीचं आहे." काय गोड! प्याले आणि रडले. शेजारच्या सिंधूताईंनाही घोटभर दिलं, मिरवून.

मग विचारलंच — मले माहेराले काहून नेत नाही? बाबा हात पाहत बसले. "पाहू," एवढंच म्हणाले. त्यांच्या नखांत खळ नव्हती. रोज सुताला खळ लावणारा माणूस, आणि नखं अशी कोरी! विचारायचं राहूनच गेलं. मैनावहिनीच नको म्हणत असेल. बरं. नाही येत!

२९ एप्रिल
गुंड रिकामा. शेवटचा पेला पुरवून पुरवून प्याले. वहिनीचा राग जात नाही.

६ मे
नत्थूदादा आला होता. विहीर होळीलाच आटली म्हणे! खळ भिजवायला पाणी नाही, माग बंद. मोहल्ल्यात एक नळ, त्याला करंगळीएवढी धार. बाळंतिणीला पाणी कुठून आणू, म्हणून बाबा बोलावत नाहीत. "तुले सांगू नको म्हणे बाबा."

मग गुंडातलं? नळाचंच. बाबा रांगेत उभे राहिले, आणि वहिनीनं आपल्या न्हाण्यासाठी ठेवलेलं पाणी त्यात ओतलं. मी तिला काय काय बोलले मनात!

हे हसले. म्हणे, तिकडे नळाला कन्हान नदीचं पाणी, इकडेही कन्हानचंच. मीही शाळेत पाठ केलं होतं — नदीची वाफ, वाफेचा ढग, ढगाचं पाणी विहिरीत. म्हणजे विहिरीतही तीच नदी. असेल. पण मला माहेरचंच लागलं, त्याचं काय!

८ मे
गुंड इथल्या नळावर काठोकाठ भरला. सिंधूताईंची कळशीही मागून घेतली. आमचे हे दोन्ही भांडी बसमध्ये चढवून देणार आहेत. वहिनीला न्हायला होईल.

बोलावणं नाहीच आलं. पाणी घेऊन माहेरी चालले.