तारेवरचं घरटं

आई, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी तुझा राग यायचा राहत नाही. काल भाचीने विचारलं, "आजीच्या घरी कलकत्त्यात हमिंगबर्ड यायचे ना?" आणि माझं डोकंच फिरलं. हमिंगबर्ड आपल्या देशात नसतात, आई. ते फुलांतला मध पिणारे आपले शिंजीर होते. शेजारच्या काकीमा त्यांना बंगालीत मौटुशी म्हणायच्या, पण तू कुणाचं ऐकशील तर ना.

बघायला मात्र तूच शिकवलंस. पन्नास वर्षांपूर्वीचा उन्हाळा, डमडमचं सरकारी क्वार्टर. बाबा ऑफिसातून यायच्या आत आपण दोघी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचो. कुंपणाकडेने मुंगूस जायचं, उजेड कमी झाला की वटवाघळं निघायची, आणि तू ओठांवर बोट ठेवायचीस. शिंजिराच्या मादीने कपड्यांच्या तारेला घरटं टांगलं, कोळिष्टकं आणि वाळक्या पानांचं, लोंबत्या कचऱ्यासारखं. तेव्हापासून तू त्या तारेवर एक कपडा घातला नाहीस.

मग बाबांची बदली झाली. क्वार्टर ताब्यात द्यायच्या आदल्या संध्याकाळी तू जळमटं काढत काढत तारेपाशी आलीस.

"आई, पिल्लं आहेत गं आत. चार दिवसांत उडतील."

"उद्या इथे राहायला येणारी बाई काय म्हणेल? मराठ्यांनी घराचा उकिरडा केला! आधीच काकीमांच्या सासूबाई आपल्याला बर्गी म्हणतात, बंगाल लुटायला आलेले मराठे."

त्या म्हातारीची थट्टा तुला इतकी लागली होती? आणि येणाऱ्या बाईंचं तर आपण तोंडही पाहिलं नाही! तू घरटं तोडलंस, तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून जास्वंदीखाली ठेवलंस. मादी चोचीत किडा धरून येते, तारेपाशी फडफडते, जाते, पुन्हा येते. खालच्या डब्याकडे वळतच नाही. तू आत ट्रंकांना कुलपं लावते आहेस.

पुढे प्रत्येक हळदीकुंकवाला तू ऐटीत सांगायचीस, "आमच्या व्हरांड्यात हमिंगबर्डने घरटं केलं होतं हं!" शेवट कधीच सांगितला नाहीस. बायका कौतुक करायच्या आणि मी दातओठ खात वाट्या भरायची.

पण मी तरी कुठे सांगितला? कालही भाचीला "हो" म्हणाले. हा कागदही कपाटातच राहील. त्या संध्याकाळी घरटं काढायला तू स्टुलावर चढलीस, स्टूल डुगडुगलं, तू म्हणालीस, "धर गं जरा." मी रडत होते, आई. आणि रडत रडत मी ते धरलं, दोन्ही हातांनी, घट्ट.