धरणाच्या दगडांवरचा मासा कोणाचा

माझी थोरली आर्डेलियाताई हिला अलाबामाहून धाकट्या वर्डीचा प्रेमाचा नमस्कार,

येशूच्या कृपेने आम्ही दोघं इथे बरे आहोत, आणि तिकडे डेट्रॉईटच्या बर्फात तुझे गुडघे तुला चर्चपर्यंत तरी नेत असतील अशी आशा करते. तुझा खोकला गेला का? मधात कांद्याचा रस घालून घे, डॉक्टरचं ऐकू नकोस. (डॉक्टरचंही ऐक, पण आधी माझं.) तू विणून पाठवलेली लोकरीची टोपी पोचली. माझ्या डोक्याला ती फार मोठी होते, कानांवरून थेट नाकावर येते, म्हणून आमच्या मिस्टरांनी ती कॉफीच्या किटलीला घातली. कॉफी जेवणानंतरही गरम राहते. तेव्हा आपले कष्ट वाया गेले असं मनात आणू नकोस. त्या टोपीचा पुढे संबंध आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

पत्राला कारण असं की मी मासा धरला. हो, मीच. चांगला मोठ्या तोंडाचा बास, आणि तोही ऐन थंडीत, काठावरून. हसून झालं की पुढे वाच.

गेल्या पानगळीत ह्यांच्या गुडघ्यापायी होडी भाच्याला देऊन टाकावी लागली, हे तुला फोनवर सांगितलं होतं. पण त्यानंतरचं नव्हतं सांगितलं. हे खिडकीतल्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. होडी उभी असायची तिथे गवत पिवळं पडलंय, त्याच्याकडे बघत दिवस काढायचे. दाढी नाही, रेडिओ नाही. मी केलेल्या मक्याच्या पावाला नावं ठेवणंसुद्धा बंद. ताई, लग्न झाल्यापासून हा माणूस माझा मक्याचा पाव कोरडा म्हणत आलाय, आणि आता मुकाट्याने खाऊन ताटली परत द्यायचा. तेव्हा मला खरी भीती वाटली. (पाव कोरडा नसतो. आईचीच पद्धत आहे, तू खाल्ला आहेस.) तुझा मेहुणा त्या खुर्चीतच संपणार, असं मला वाटायला लागलं होतं.

मी म्हटलं, चला, धरणाच्या दगडांवर बसून गळ टाकू. तर म्हणाले, "काठावरून? काठावरून पोरं मासे धरतात. नाहीतर ज्यांच्याकडे होडी नाही ते." मी म्हटलं, "मग तुमच्याकडे कुठे आहे?" हे मी बोलायला नको होतं. जेवण उरकलं. मग मी उठले, खुंटीवरची त्यांची सगळ्यात लाडकी गळाची काठी काढली आणि तिचं टोक ओसरीच्या फरशीवर घासत, मुद्दाम खर्रखर्र करत बाहेर निघाले. हे सपाता घालून मागे धावले.

"वर्डी, ती काठी खाली ठेव."

"ठेवते की. तळ्यावर पोचले की ठेवते."

असे आम्ही तळ्यावर पोचलो. वाटेत ट्रकमध्ये हे जितकं बोलले तितकं सगळ्या हिवाळ्यात बोलले नव्हते. कुठल्या दगडांवर दुपारचं ऊन पडतं, ऊन पडलं की तिथलं पाणी कसं जरासं कोमट होतं, आणि ते जरासंच माशाला कसं पुरतं. थंड पाण्यातला बास म्हणजे प्रवचनाला बसलेला आपल्या चर्चचा डीकन एल्रॉड. डोळे उघडे असतात, पण जागचा हलत नाही. घास त्याच्या ओठाशी नेऊन ठेवावा लागतो, आणि तरी तो विचार करतो. म्हणून रबरी खेकडा गळाला लावून लांब टाकायचा, तळाला बसू द्यायचा, वीतभर ओढायचा आणि थांबायचं. मी विचारलं, किती थांबायचं? म्हणाले, "तुला कंटाळा येईपर्यंत. आणि मग पुन्हा तितकंच."

आता सांगायला छान आहे, पण तुझ्या मेहुण्याला थांबता येतं का? होडीतही ते सारखे इंजिन लावून तळ्याच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. दगडांवरही तेच. टाकला, ओढला, टाकला, ओढला. मध्ये कॉफी. गार वारा, आणि तुझ्या टोपीमुळे किटली वाफाळती, तेव्हा पेल्यावर पेला. व्हायचं ते झालं. ह्यांनी नुकताच गळ टाकला होता आणि एकदम घाई लागली. काठी माझ्या हातात दिली. "धर. ओढू नकोस, हलवू नकोस, आणि बोलू नकोस." एवढं सांगून सीडरच्या झुडपांमागे गेले.

पहिल्या दोन गोष्टी मी अगदी तंतोतंत पाळल्या. तिसरी नाही जमली. एल्रॉडच्या बायकोने चर्चच्या जेवणाला रताळ्याची भाजलेली गोड पाई आणली होती, तिच्यात जायफळच नव्हतं, ते सगळं मी झुडपाला ऐकवत होते. (जायफळाशिवाय रताळं, आणि वर बाई म्हणते, आजीची कृती.) तेवढ्यात दोर जड झाला. हिसका नाही, झटका नाही, ओला टॉवेल दोरीवर टाकावा तसा. मी हाक मारली, "अहो, पाला अडकला."

झुडूप म्हणालं, "पाला चालतोय का?"

"हा चालतोय. डावीकडे."

ताई, पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस एका हाताने पँट धरून दगडांवरून इतका वेगात येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. गुडघा कुठे दुखत होता देव जाणे. "गुंडाळ," म्हणाले. मग "हळू." मग "काठी वर." मग "दे इकडे." मी म्हटलं, देणार नाही, तुम्हीच धर म्हणालात. शेवटी ते तसेच बुटांसकट बर्फासारख्या पाण्यात उतरले, माशाच्या खालच्या ओठात अंगठा घातला आणि उचलला. तोंड एवढं की आईची पाई भाजायची बशी आत उभी राहिली असती. पोट अंड्यांनी टम्म. मी मनात मक्याचं पीठ चाळून तेल तापत ठेवलं होतं, आणि ह्यांनी मादीला दोन्ही हातांवर धरून पाण्यात सोडून दिलं. "अशीला खात नाहीत, वर्डी. हिच्या पोटात पुढची तळी आहेत." मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. थंडीने ओठ निळे आणि चेहरा लग्नातल्या फोटोतला.

भांडण परतीच्या वाटेवर सुरू झालं. त्यांचं म्हणणं, काठी माझी, आमिष माझं, टाकला मी, तेव्हा मासा माझा. तू नुसती धरून उभी होतीस. माझं म्हणणं, टाकत तर तुम्ही दुपारपासून होता. त्या माशाला पाहिजे होतं की कोणी काही करू नये, आणि ते काही न करणं मी केलं. रविवारी चर्चमध्ये पुरुष त्यांच्या बाजूला, बायका माझ्या. गाणाऱ्यांतसुद्धा फूट. डीकन एल्रॉड आमिषाचं दुकान चालवतो, तिथल्या पाटीवर हिवाळ्यातला सगळ्यात मोठा मासा आणि धरणाऱ्याचं नाव लिहितो. त्याने मासा लिहिला आणि नावाची जागा मोकळी सोडली. म्हणाला, ज्याला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही आणि तुम्हा दोघांपैकी कोणाचंच कौतुक नाही, अशा माणसाने निकाल द्यावा. आम्ही दोघांनी एकदमच तुझं नाव घेतलं.

तर दोन्ही बाजू तुझ्यापुढे मांडल्या आहेत. निकाल येईपर्यंत हे रोज दाढी करून दगडांवर जातात, स्वतः टाकून स्वतः धरून दाखवायला. मीही जाते, साक्षीदार म्हणून. काल रात्री जेवताना घास तोंडात तसाच ठेवून म्हणाले, "पाव कोरडा झालाय." मी स्वयंपाकघरात गेले आणि एप्रनने डोळे पुसले.

तुझी धाकटी बहीण,
वर्डी

ता. क. निकालाची घाई करू नकोस. वसंतात डॉगवूडच्या झाडांना फुलं आली, पाणी तापलं की मग लिही. तोवर ह्यांचा फोन आला तर खोक.

ता. क. मासा माझाच आहे, हे तुला कळलंच असेल.

ता. क. आणखी एक टोपी विण, याहून मोठी. मी मोठी किटली आणली आहे. हे झुडपांमागे गेल्याशिवाय काठी काही माझ्या हाती येत नाही.