गाणं थांबल्यावर

३ नोव्हें., सोम.
आमचं जुनं गाणं परत फिरतंय. व्हीसीडीच्या जमान्यात बावड्याच्या उसात मीच शूट केलेलं. कुणीतरी कापून रील केलंय. आडवं चित्र उभं करताना सुमनचा निम्मा पदर छाटला, गाढवांनी. खाली पोरं विचारतायत, "बाई कोण ही? आवाज काय गोड हाय!"
बाई माझी बायको. आवाज तिचा नव्हे. गायिका दुसरी, सुमन फक्त ओठ हलवायची. सुमन काविळीनं गेली तेव्हा नेहा दीड वर्षाची. चेहरा तेवढा गाण्यात राहिला.

४ नोव्हें., मंगळ.
नेहाचा गारगोटीहून फोन. रील तिनंही पाहिलं.
"पप्पा, आईचा खरा आवाज कसा हुता ओ?"
जाडसर? थोडा घोगरा? नवरा असून मला आठवत नाही. आमच्या लग्नाची कॅसेट लावून बघितली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई. तेव्हा सगळ्यावर गाणं नाहीतर सनई चढवायची, मीही लोकांच्या लग्नात तेच केलं. कॅसेट बंद केली आणि रडलो. लपवायचं कुणापासून.

६ नोव्हें., गुरु.
माळ्यावर उसातल्या शूटिंगची टेप सापडली! बाकीच्या टेपांवर पुढची गाणी शूट झाली, टेप महाग होती, सगळेच तसं करायचे. ही कशी वाचली कोण जाणे.
शूटिंगला कॅमेऱ्याचा माइक चालूच असायचा. एडिटिंगला तो आवाज फेकून वर गाणं बसवायचो. म्हणजे सुमन बोलली असेल तर ती हिच्यावरच. पण टेप लावू कशात? माझा कॅमेरा कधीच भंगारात गेला.

८ नोव्हें., शनि.
दुरुस्तीवाल्या बशीरभाईंनी त्यांच्याकडचा जुना कॅमेरा दिला. टेप उजेडात धरून बघितली.
"बुरशी धरलीया. एकदा फिरंल. दुसऱ्यांदाचं मी सांगत न्हाय."
पैसे घेतले नाहीत. "वैनींच्या हातचा च्या प्यालोय की मी."

९ नोव्हें., रवि.
लावली. शेजारी मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवला.
काही नाही. नुसता भोंगा. उसात ऐकू जावं म्हणून गाणं एवढ्या मोठ्यानं लावायचो की सुमनचे ओठ हलतात, आवाज गाण्याचा. आणि गाणं थांबलं रे थांबलं की शॉट बंद. टेप वाचवायची म्हणून माझं बोट तयारच. शॉटमागून शॉट तेच. ती तोंड उघडते, माझ्याकडं बघते, आता बोलणार, की कट. त्या वाचवलेल्या टेपेचं काय लोणचं घातलं मी?
अगदी शेवटाला एक शॉट बंद करायचा राहिलाय. कॅमेरा हातात लोंबकळतोय. माझ्या चपला, पाचट, बांध. आम्ही असले शॉट बघून हसायचो आणि उडवायचो.
गाणं थांबलेलं. आणि मग सुमन.
"झालं का ओ? बरं आलं का? का परत करू?"
मी टेप बंद केली.
घोगराच होता.

१० नोव्हें., सोम.
मोबाइलवरचं नेहाला पाठवलं. मग फोन आला, नुसता हुंदका. मग म्हणाली, "माझ्यासारखाच हाय की ओ." आणि मग,
"तुम्ही काय म्हणालासा तिला?"

१३ नोव्हें., गुरु.
काय म्हणालो? डोकं फुटायची वेळ आली. त्या दिवशी ऊन उतरत होतं, दोन ओळी राहिलेल्या, मी सगळ्यांवर खेकसत होतो एवढं नक्की आठवतं. सुमनवरही खेकसलो असेन. किंवा बरं आलंय म्हणालो असेन. तिच्यामागं लग्न केलं नाही, पोर एकट्यानं वाढवली, लोक मला भला माणूस म्हणतात. टेपेवर कुठला माणूस आहे?
ते रील अजून फिरतंय. आज आणखी कुणी लिहिलंय, आवाज काळजाला भिडतो.

१५ नोव्हें., शनि.
नेहा उद्या येतेय. "पुढचं आपण दोघं मिळून ऐकू. वंगाळ बोलला असला तरी मी हाय न्हवं." नको म्हणालो. ऐकत नाही, आईवर गेलीय.
टेप कॅमेऱ्यातच आहे, जिथं थांबवली तिथंच. सुमननं विचारलंय आणि उभी आहे उसात. उत्तर द्यायचंय अजून.