आठ दिवस हात लावायचा नाही

अप्पा, आज सकाळी गच्चीवर बसून गाडीच्या उजव्या कानाला शेवटचं पॉलिश मारलं. बाजूच्या आरशामागचं ते प्लॅस्टिकचं टोपण, त्याला तुम्ही गाडीचा कान म्हणायचात, आणि तुमचं ऐकून घरात सगळेच तसं म्हणू लागले. गाडी अजून तीच आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, मी एकसष्टीला आलो, आणि हातानं पूर्ण केलेली माझ्या आयुष्यातली ही पहिली वस्तू. काळ्या रंगात पाण्याची टाकी दिसत होती, दोरीवरचे कपडे दिसत होते, चष्म्यासकट मी दिसत होतो. तसाच खाली आलो आणि आईला दाखवला. तिनं पदरानं हात पुसून तो घेतला, खिडकीपाशी नेऊन फिरवला. "बरा झालाय. पण तुझं नाक वाकडं दिसतंय यात." म्हटलं, "आई, नाकच वाकडं आहे." "मग सरी, बरोबरच दिसतंय," ती म्हणाली. मग टोपण परत देताना म्हणाली, "ह्यांच्या हाताला काय चमक होती रे. पण शेवटचं काम टिकलं नाही बघ. हात गेला होता." मी मान हलवली. गेली दहा वर्षं आई हे वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि गेली दहा वर्षं मी मान हलवतो. पत्र लिहायला बसलो ते त्यासाठी.

यशवंतपूरची शेड आठवते. तुम्ही तिथं गाड्या रंगवायचात, मी कॉलेजात होतो आणि दुपारचा डबा घेऊन यायचो. नाकातोंडाला पंचा बांधलेले तुम्ही, जमिनीवर धूळ उडू नये म्हणून मारलेलं पाणी, थिनरचा तो गोडसर वास. एका पांढऱ्या गाडीचं दार नुकतंच रंगवून उभं केलं होतं. वाळलंय का, म्हणून मी बोट लावलं. बोटाचा ठसा उठला आणि अख्खं दार पुन्हा घासायला लागलं. तुम्ही ओरडला नाहीत. पंचा खाली ओढून सगळ्यांसमोर एवढंच म्हणालात, "ह्याचं तोंड चांगलं चालतं, पण हात थांबत नाही." शेडमधले सगळे हसले. मी त्या वर्षी वक्तृत्वाची दोन बक्षिसं मिळवली होती. ते हसणं माझ्या अंगात किती खोल गेलं होतं, ते मला पुढं तीस वर्षांनी कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी मी तुमच्यावर उलटलो.

निवृत्त झाल्यावर तुम्ही घरी स्वस्थ बसेनात. माझ्या गाडीचे कान उन्हानं पांढुरके पडले होते, आणि बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांच्या फाटकावर माझी मोठी सभा ठरली होती. तुम्ही म्हणालात, "असली कळकट गाडी घेऊन कामगारांच्या मानाबद्दल काय बोलणार? कान काढून दे." आईनं डाळ वाळत घालायची जागा सोडायला साफ नकार दिला. "अख्ख्या गच्चीत तुम्हाला हाच कोपरा सापडला? डाळीला रंगाचा वास लागला तर तुम्हीच खा." "वास लागला तर चकचकीत आमटी होईल," तुम्ही म्हणालात, आणि दोन दिवस तिनं तुम्हाला आमटीच वाढली नाही.

मी वर पुस्तक घेऊन बसायचो आणि तुम्ही मला शिकवायचात. मी ऐकत नाही हे ठाऊक असूनही शिकवायचात. आधी भांड्याच्या साबणानं धुवायचं, कारण प्लॅस्टिकवर कुणीकुणी चोळलेल्या पॉलिशचा तेलकटपणा डोळ्यांना दिसत नाही, रंगाला मात्र कळतो. मग ओल्या पॉलिशपेपरनं घासून सगळी चकाकी मारून टाकायची. "चकाकी हवी म्हणून आहे ती चकाकी काढायची?" मी विचारलं होतं. "हो. गुळगुळीतावर काही धरत नाही." मग प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर, अगदी पातळ. मग काळा रंग, एका जाड हातापेक्षा तीन विरळ हात, प्रत्येकामध्ये पंधरा मिनिटं स्वस्थ बसायचं. आपल्या गावची हवा दमट, म्हणून अकरा वाजल्यावर, ऊन नीट पडलं की मगच लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक हात, नाहीतर तो दुधासारखा पांढरा होतो. आणि शेवटी, दोन्ही कान जुन्या खोक्याखाली झाकून, माझ्याकडे बोट करून: "आता आठ दिवस हात लावायचा नाही. वरून वाळलेलं दिसेल. आतून कच्चं असतं. स्वल्प थांब, मग मी पेपर मारून पॉलिश करून देतो." पॉलिश न करताही ते असे दिसत होते, अप्पा, की मी पुस्तक मिटून नुसता बघत राहिलो. तुम्हाला मात्र म्हणालो, "ठीक आहेत."

सभा एकदम अलीकडे आली, चौथ्याच दिवशी. तुम्ही दवाखान्यात गेला होतात. मी खोकं उचललं, बोटाच्या टोकानं बघितलं, कोरडं लागलं. कान गाडीला बसवले आणि निघालो. कारखान्याच्या फाटकावर आमच्या युनियनचा सेक्रेटरी धावत आला, "अण्णा, गाडी पुढं राहू दे, झेंडे लावतो." त्यानं दोन्ही आरशांवर झेंड्याच्या काठ्या ठेवल्या आणि खाकी चिकटपट्टीनं गुंडाळल्या, करकचून. मी बघत होतो. मी थांबवलं नाही, कारण झेंडा लावायला नको असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? उलट बॉनेटवर चढलो, कानाकडे हात केला आणि बोललो. म्हणालो, ही चकाकी बघा, ही माझ्या बापाच्या हातची आहे. ज्यांच्या गाड्या त्यानं आयुष्यभर रंगवल्या त्यांना त्याचं नाव ठाऊक नाही, पण त्यांचा चेहरा रोज त्याच्या कामात दिसतो. लोक उठून उभे राहिले. म्हातारे कामगार डोळे पुसत होते. इतकं चांगलं मी पुन्हा कधी बोललो नाही. मला आजही त्यातला शब्द न् शब्द खरा वाटतो, आणि तीच माझी अडचण आहे.

सभा सुटेपर्यंत चार तास कान उन्हात तापले होते. झेंडे उतरवताना सेक्रेटरीनं पट्टी ओढली आणि तिच्याबरोबर तुमचं सगळं काम आलं, काळा रंग, लॅकर, प्रायमर, साल सोलावी तसं. खाली उघडं करडं प्लॅस्टिक. तो म्हणाला, "अय्यो, अण्णा, सॉरी." मी म्हटलं, "काही नाही रे, झेंडा महत्त्वाचा."

संध्याकाळी तुम्ही घराच्या फाटकाशी उभे होतात. "कसं झालं?" मला वाटलं भाषणाबद्दल विचारताय, आणि मी सांगायला तोंड उघडलं, तर तुमची नजर आरशावर. त्या क्षणी मला शेडमधलं ते हसणं ऐकू आलं. चौथ्या दिवशी काढले, मी सांगायचं होतं. चिकटपट्टी लावू दिली, सांगायचं होतं. एवढी दोनच वाक्यं. हजारोंसमोर कागद न घेता बोलणारा मी. मी म्हणालो, "अप्पा, तुमचा रंग टिकला नाही. नुसत्या वाऱ्यानं सुटला." तुम्ही कानावरून अंगठा फिरवलात, एका कडेवर बराच वेळ ठेवलात. मग म्हणालात, "असेल. हात गेला माझा." आणि आत गेलात. दुसऱ्या आठवड्यात रंगाची गन कपड्यात गुंडाळून यशवंतपूरला नेऊन दिलीत. आईनं विचारलं तर "आता काय करायचीय" एवढंच. त्यानंतर वर्षभरानं तुम्ही गेलात. त्या वर्षात तुम्ही घरातल्या एका खिडकीलाही रंग लावला नाही. आईनं दिवाळीत सांगून पाहिलं, तुम्ही माणूस बोलावलात.

ती गोष्ट मी त्यानंतर किती सभांतून सांगितली. बापाचे हात, प्लॅस्टिकचा कान, तीन विरळ हात, आठ दिवस. कुठं थांबलं की टाळी येते हे मला पाठ आहे. चिकटपट्टीपर्यंत मी कधी येत नाही. बोलणाऱ्याचं शरीर त्याच्या बोलण्याशी प्रामाणिक हवं, असं मी तरुणांना सांगतो आणि ते वहीत लिहून घेतात.

या वेळी मी दोन्ही कान तुमच्याच रीतीनं केले. पहिल्यांदा घाई झाली, रंगाचे ओघळ आले, सगळं घासून काढलं. दुसऱ्यांदा आठ दिवस थांबलो. पण मला नक्की कळायला हवं होतं, म्हणून प्लॅस्टिकचा एक जुना तुकडाही रंगवला होता, त्याच्यावर चौथ्या दिवशी खाकी पट्टी लावून उन्हात ठेवला आणि ओढली. सोलून आला. नवव्या दिवशी चांगल्या कानावर पट्टी लावली, तितकाच वेळ उन्हात ठेवला, ओढली. काही झालं नाही. पट्टी कोरी आली. तुमचा हात गेला नव्हता, अप्पा. मी ते तेव्हाही जाणत होतो, पण आता पुरावा हातात धरून बसलोय.

आणि त्या सोललेल्या तुकड्याकडे बघताना दुसरंच काही दिसलं. रंग सुटलाय त्याची कड फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ आहे. वाऱ्यानं सुटलेल्या रंगाची कड अशी नसते. चाळीस वर्षं काचांच्या कडेनं टेप लावून उपटणाऱ्या माणसाला हे सांगायला लागत नाही. तुम्ही त्या कडेवर अंगठा ठेवून उभे होतात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मग "असेल" का म्हणालात? एकदा ओरडला असतात तर चाललं असतं. शेडमधल्यासारखं सगळ्यांसमोर बोलला असतात तर मी रागावलो असतो आणि सुटलो असतो.

मघाशी आई दारात येऊन विचारून गेली, "एवढं काय लिहितोस?" मी म्हटलं, "भाषण." तिला चिकटपट्टीचं सांगायचं होतं. चहा झाल्यावर सांगू असं ठरवलं, आणि चहा होऊन तास झाला. हे पत्र तुमच्या पॉलिशपेपरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतोय, दुसरीकडे कुठं पाठवणार. घडी घालताना वरून एकदा वाचलं, तर दिसलं की "अय्यो, अण्णा" नंतर मी समासात छोटी उभी रेघ मारलीय आणि "हात गेला माझा" याच्या खाली दोन. अशा रेघा मी भाषणाच्या कागदावर मारतो, कुठं थांबायचं आणि आवाज कुठं खाली आणायचा त्याच्या. केव्हा मारल्या, मला आठवत नाही.