संध्याकाळची फेरी

१ फेब्रुवारी
निवृत्तीचा पहिला दिवस. बस डेपोत जन्म गेला वेळापत्रकं आखण्यात. दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, स्वतःची मात्र कायम गॅरेजमध्ये. आता बदल. संकल्प: सकाळी व्यायाम, रोज एक नवीन गोष्ट शिकणे, संध्याकाळी चालणे. हिचं म्हणणं, एवढं सगळं कशाला, संध्याकाळी माझ्याबरोबर बागेत चला म्हणजे झालं. साखरेमुळे डॉक्टरांनी हिला चालायला सांगितलंय, आणि एकटीला जायचा कंटाळा येतो. लग्न झाल्यापासून दोघं मिळून कधी फिरायलाच गेलो नाही, गर्दीच्या वेळी तुम्ही कायम डेपोत, असंही म्हणाली. खरं आहे. मी म्हटलं, नक्की येणार. पण तयारी केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

२ फेब्रुवारी
वेळापत्रक तयार. तीन रंगांत. डेपोचा नियम लावला: प्रत्येक फेरीनंतर विश्रांती, शिवाय उशीर भरून काढायला राखीव वेळ. बेरीज केली तर विश्रांती आणि राखीव यांतच दिवस भरला. चालायला जेमतेम पाव तास उरला. असू दे, पाया पक्का हवा. ही बघून म्हणाली, यात मी कुठे आहे? तळाशी बोट ठेवून दाखवलं: संयुक्त फेरी, चाचणीनंतर.

५ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
उठलो.

६.१५
फेरी रद्द. कारण: बूट नाहीत.

८ फेब्रुवारी
बूट आले. कन्येनं परस्पर मागवले. नवीन बूट आधी घरात घालून सैल करावेत म्हणतात. दिवसभर बूट घालून सोफ्यावर. हिनं पाय खाली घ्यायला लावले.

११ फेब्रुवारी
चाचणी फेरी. मुद्दाम लवकर, रस्त्यावर कोणी नसताना. आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत. पोचलो, पण धाप लागली. दुकानाच्या पायरीवर बसलो. मेडिकलवाला शटर उघडत होता. त्यानं पाणी दिलं, घरी फोन करू का म्हणून विचारलं. लोकांना उगाच काळजी करायची हौस. हिला काही सांगितलं नाही. बागेत हिच्यासमोर असं झालं तर काय अब्रू राहील? डेपोत भल्याभल्यांना दम देणारा माणूस मी. निर्णय: आधी गुपचूप तब्येत कमवायची, मग हिच्याबरोबर थेट बागेत.

१९ फेब्रुवारी
रद्द. गुडघा. डावा.

२० फेब्रुवारी
रद्द. उजवा. कालचा सगळा भार त्याच्यावर पडल्यामुळे.

२१ फेब्रुवारी
दोन्ही ठीक. पण एवढ्या खंडानंतर एकदम सुरू करणं धोक्याचं.

२४ फेब्रुवारी
ज्ञानसाधना मात्र जोरात आहे. चालण्याच्या शास्त्रावर बरेच व्हिडिओ पाहिले, आडवं पडून. टाच आधी टेकवायची, नजर समोर, खांदे सैल. लोक आयुष्यभर चुकीचं चालतात आणि त्यांना पत्ताही नसतो. हिला हॉलमध्ये चालून दाखवायला सांगितलं, चुका काढून दिल्या. ही म्हणाली, बागेत चला आणि तिथं काढा हव्या तेवढ्या. म्हटलं, सोमवारपासून. हिनं घातलेली चप्पल काढून ठेवली आणि टीव्ही लावला.

४ मार्च
दुपारची डुलकी जरा लांबली. जाग आली तेव्हा बाहेर अंधार, आणि ही बाहेर जायच्या कपड्यांतच भाजी चिरत होती. उठवायचं नाही का, विचारलं. म्हणे दोनदा उठवलं, तुम्ही म्हणालात राखीव वेळ चालू आहे. आठवत नाही. पण नियमाला धरून आहे.

९ मार्च
ही खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंबरोबर बागेत गेली. तात्पुरती पर्यायी व्यवस्था. माझी हरकत नाही.

१७ मार्च
हल्ली ही 'येताय का' असं विचारत नाही. बरं झालं, दडपण गेलं. आता प्रगती झपाट्यानं होईल. संध्याकाळी घर मात्र खायला उठतं. आज दोन वेळा दार उघडून बघितलं.

२६ मार्च
कन्येचा फोन. आईची साखर उतरली, आवाजसुद्धा बदललाय म्हणाली. या सगळ्याची सुरुवात माझ्या वेळापत्रकापासून झाली, हे तिच्या लक्षात आणून दिलं. तेवढ्यात फोन कट झाला. रेंज नसावी.

२ एप्रिल
हा आठवडा चांगला गेला. मेडिकलपर्यंत जाऊन परत, तेही बऱ्याचदा. एकदा परत येताना रिक्षा केली, पण ती ऊन होतं म्हणून. मी तयार आहे. उद्या बागेत. हिला आधी सांगणार नाही, चकित करणार.

३ एप्रिल, संध्याकाळी ७.४०
गेलो. बागेच्या दारातूनच ही दिसली. शिक्षिकाबाई, शिवणकाम करणाऱ्या वहिनी आणि मधे ही, तिघी झपझप चाललेल्या. ही हातवारे करून कसलीतरी नक्कल करत होती आणि त्या दोघी हसून वाकल्या होत्या. हिला नकला येतात हे मला माहीत नव्हतं.

हाक मारली. ही थांबली, खूश झाली. खरंच झाली. आम्ही बरोबर निघालो. मी टाच आधी टेकवत होतो. कारंज्यापाशी पोचेपर्यंत माझं बोलणं बंद झालं. ही हळू झाली, मग आणखी हळू. त्या दोघी पुढे जाऊन जरा थांबल्या, आणि मग वळणावरून दिसेनाशा झाल्या. ही त्या वळणाकडे बघत राहिली. मला लागलेली धाप तिनं पाहिली. कोपर धरून बाकावर बसवलं आणि शेजारी बसली. मला फार बरं वाटलं आणि लाजही वाटली.

परत येताना ही म्हणाली, "उद्यापासून येणार ना? मग मी त्या दोघींना सांगते, माझ्यासाठी थांबू नका. आपण आपलं सावकाश जाऊ."

रागानं नाही, मनापासून म्हणाली. आली असती. रोज माझ्या चालीनं चालली असती, बाकावर बसली असती, आणि नकला बंद. मला दोन महिने हेच तर हवं होतं.

म्हटलं, उद्या नाही जमायचं. डेपोत बोलावलंय, नव्या माणसाला वेळापत्रकं समजावून द्यायची आहेत, आता बरेच दिवस संध्याकाळी तिकडेच. मला कोणीही बोलावलेलं नाही.

आजवर दिलेली माझी सगळी कारणं खरी होती. हे पहिलंच खोटं. वाटलं, फरक हिच्या लक्षात येईल. ही "बरं" म्हणाली, आणि जिना चढता चढताच तिनं शिक्षिकाबाईंना फोन लावला.